जाड तारेवरची करंगळी

अत्ती, काल दुपारी माझ्याकडून ती कॉर्ड वाजली. नीट वाजली, एकही तार न खरखरता. घरात कोणी नव्हतं. तुमचा मुलगा निपाणीला दुकानात होता, नातू बेंगळुरात त्याच्या ऑफिसात. मी सोप्यात खुर्चीवर एकटीच बसले होते. सूर हवेत विरेपर्यंत हात तसाच धरून ठेवला आणि मग वाटलं, आत जाऊन कुणाला तरी सांगावं. आत कोण असायचं सांगायला, तर तुम्ही. माझ्या माहेरच्या, बेळगावातल्या शहापूरच्या गल्लीतल्या मैत्रिणींना हे पटायचं नाही. इतक्या वर्षांनी काही चांगलं घडलं आणि पहिली आठवण सासूची झाली, असं त्यांच्यापैकी कुणीच म्हणणार नाही. पण झालं तसंच. म्हणून लिहायला बसले आहे.

कॉर्डचं नाव सांगून तुम्हाला उपयोग नाही. नावं तुमच्या कधी लक्षात राहिली नाहीत, तुम्ही तिला 'ती अडकणारी' म्हणायचात. ए मायनर म्हणून एक कॉर्ड असते, तीन बोटांनी धरायची, ऐकायला थोडी उदास. तिच्या नावापुढे तिरकी रेघ मारून जी लिहिलं की ती वेगळी होते. तीन बोटं आहेत तिथंच ठेवायची आणि करंगळी पार वर नेऊन, आपल्या नाकाजवळची सगळ्यात जाड तार तिसऱ्या पट्टीपाशी दाबायची. वरचे सूर तेच राहतात, फक्त त्यांच्याखालचा जाड सूर एक पायरी खाली उतरतो. एवढंच. पण माझी करंगळी तिथं पोचायची नाही, आणि पोचली तर बाकीची तीन बोटं उठायची.

गिटार आमच्या अण्णाची. लग्नाआधी तो बेळगावात एका ऑर्केस्ट्रात वाजवायचा, गणपतीच्या दिवसांत पहाटे घरी यायचा आणि आमच्या बाबांची बोलणी खायचा. दुपारी बाबा साड्यांच्या दुकानात गेले की मला चार-दोन कॉर्ड शिकवायचा. माझं लग्न होऊन मी तुमच्याकडे आले, दोन वर्षांनी त्याला बेंगळुरात नोकरी लागली, आणि जाताना तो गिटार माझ्याकडे ठेवून गेला. "तिथं खोली लहान हाय, हिला जागा न्हाय," म्हणाला. मी ती चादरीत गुंडाळून कपाटावर सारली आणि गप्प बसले. तंबाखूवाल्या घरात, रोज जैन बस्तीत दर्शनाला जाणाऱ्या सासूसमोर, सून गिटार वाजवते हे कुठल्या तोंडानं सांगायचं? ती कपाटावर आहे एवढंच मला पुरे होतं.

मग दिवाळीची साफसफाई आली. मी स्वयंपाकघरात डबे पुसते आहे आणि तुम्ही आतल्या खोलीत स्टुलावर चढलेल्या. तुमचा आवाज येतो, "हे काय गं, मढं बांधल्यागत?" मी धावत आत येते. तुम्ही चादर सोडून गिटार पलंगावर उताणी ठेवलेली, आणि तिच्याकडे बाजारात बैल बघावा तसं बघताय, पुढून, मागून, मानेपर्यंत. मी अण्णाचं नाव सांगितलं. तुम्ही ते ऐकलंही नाही. "सहा खुंट्या हायत, आणि तारा पाचच कशा?" म्हणालात. जाड तार तुटलेली होती, अण्णानं बसवली नव्हती. मी तसं सांगितलं. "तुला वाजीवता येतंय?" "थोडं थोडं." "मग वाजीव की." मी हात पुसले आणि येत होत्या त्या तीन कॉर्ड एकामागून एक वाजवल्या. तुम्ही पलंगाच्या कडेला बसून शेवटपर्यंत ऐकलंत. मी थांबल्यावर थोडा वेळ वाट पाहिलीत आणि म्हणालात, "एवढंच व्हय?"

अत्ती, त्या प्रश्नाचा मला तेव्हा राग आला होता. नंतर हसू यायला लागलं. तुम्हाला सुरातलं काही कळत नव्हतं, आणि कळतंय असं तुम्ही कधी दाखवलंही नाहीत. बस्तीत आरती म्हणताना तुमचा सूर शेजारच्या बायकांना ओढून न्यायचा. पण धान्याचं पोतं अर्धं भरलेलं तुम्हाला बघवायचं नाही, आणि पाच तारांची गिटारही बघवली नाही.

पुढच्याच पंधरवड्यात तुम्ही डोळे दाखवायला बेळगावला गेलात. परत आलात तेव्हा डोळ्यांत औषध घातलेलं, सगळं अंधुक दिसत होतं, तरी दारातच पिशवी माझ्या हातात दिलीत. आत कागदाची चपटी पाकिटं, एकेकात एकेक तार गोल गुंडाळलेली. मी विचारलं तर तुम्ही चप्पल काढत सांगायला लागलात. "दुकानवाला कन्नडवाला हुता, बरा हुता. इचारतोय, यावुदु बेकु, कुठली पायजे? मी म्हटलं, जी न्हाय ती पायजे. तर त्यो हसाय लागला. म्हणतोय, सुटी देत न्हाय, सहाच्या सहा घ्या. मग म्हटलं दे बाबा सहा, पण एक माझ्यासमोर बसवून दाव, घरात कुणाला येत न्हाय." आणि त्याला खरंच एका गिटारीवर तार चढवायला लावली होतीत. बरोबर आलेली शेजारीण बाहेर उन्हात उभी राहून कंटाळली होती. त्या संध्याकाळी तुम्हाला जवळचं दिसत नव्हतं, म्हणून तुम्ही तोंडानं सांगत होता आणि मी करत होते. गोळीचं टोक खालच्या भोकात, दुसरं टोक खुंटीत, मग पीळ द्यायचा, हळू, घाई केली की तुटते. जाड तार पहिल्यांदा वाजली तेव्हा गिटारीचं लाकूड माझ्या पोटाशी थरथरलं. तुम्ही म्हणालात, "आता बैल जोडीला आला."

तेव्हापासून रोजचा नेमच झाला. आपल्याकडे सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकतात. भांडी घासून झाली तरी अंगणात उजेड असायचा. त्या उजेडात तुम्ही पायरीवर बसायच्या, मी सोप्यात. लग्नाच्या नव्या नवलाईत मला तो वेळ खायला उठायचा, शहापुरात त्या वेळी आमच्या घरात चहा व्हायचा. आता तोच वेळ माझा झाला. तुम्ही ऐकायच्या असं नाही म्हणणार मी. बऱ्याचदा भिंतीला टेकून तुमचा डोळा लागायचा. मी थांबले की मात्र जाग्या व्हायच्या आणि विचारायच्या, "झालं व्हय?" एकदा मी म्हटलं, अत्ती, तुम्हाला आवडत नसेल तर आत जाऊन वाजवते. तुम्ही म्हणालात, "मला दिसभर कुणी बसू देत न्हाय. तू वाजीवतीस तवर मी बसतो. तू आत गेलीस तर मला उठाय लागंल."

भाऊबिजेला अण्णा आला आणि सहा तारा बघून त्याचे डोळे चमकले. "आता हे शिक," म्हणून त्यानं ती कॉर्ड दाखवली. त्याची बोटं लांब, करंगळी सहज जाऊन बसली. ए मायनर वाजवली, मग ती, मग पुन्हा ए मायनर, आणि नुसत्या दोन कॉर्डमध्ये मला काहीतरी चालत गेल्यासारखं वाटलं. तुम्ही दारात उभ्या होता. तंबाखूचे शेंडे खुडून नुकत्याच आला होता, हात चिकानं काळे झालेले, कशाला लागू नयेत म्हणून अंगापासून लांब धरलेले. "हिला येतंय का बघ," असं तुम्हीच अण्णाला म्हणालात. मी करून बघितलं. करंगळी हवेतच राहिली. अण्णा म्हणाला, सवयीनं येईल. तो गेला, आणि सवय काही होईना. रोज सगळं ठीक चालायचं आणि त्या एका जागी आल्यावर खटका बसायचा. तुम्ही पायरीवरून मान न वळवता म्हणायच्या, "अडकली."

त्याच काळात तुमच्या धाकट्या जाऊबाई चिकोडीहून चार दिवस राहायला आल्या. पहिल्या संध्याकाळी मी वाजवायला बसले. त्यांनी दोन मिनिटं ऐकलं, मग मला ऐकू जाईल अशा बेतानं तुम्हाला म्हणाल्या, "घराणं काय आपलं आणि ह्ये काय चाललंय आक्का? उद्या लोक म्हणतील सून तमाशात घातली." माझा हात थांबला. तुम्ही शेंगा निवडत होता. ताटातलं लक्ष न काढता म्हणालात, "आमच्या घरात दिस हाय तवर जेवण हुतंय. दिस उरतोय. उरलेल्या दिसाचं काय करायचं ते आमची सून ठरीवती." पण माझं मन उडालं. दुसऱ्या दिवशी त्या वेळेला मी गिटार पुन्हा चादरीत बांधली आणि कपाटावर चढवली.

जेवणं झाली. तुम्ही पायरीवर जाऊन बसलात. मी आतच घोटाळत राहिले. थोड्या वेळानं हाक आली आणि मी बाहेर आले. जाऊबाई बस्तीत गेल्या होत्या.

"आज न्हाय व्हय?"

"नको अत्ती. लोक बोलतात."

"काल तिला मी काय बोललो ते ऐकलंस न्हवं?"

"ऐकलं."

"मग? मी चार माणसांत तुझ्याकडनं बोलायचं आणि तू आत जाऊन बोचकं बांधायचं? मला खोटं पाडतीस व्हय?" तुमचा आवाज चढला नव्हता, पण लग्न होऊन आल्यापासून तुम्ही माझ्याशी इतक्या कडक कधी बोलला नव्हता. "तुला नको असंल तर नको म्हण. माझी काय जबरदस्ती न्हाय. पण लोकाचं नाव सांगून सोडू नको. लोकाचं काय ते मी बघतो."

मी आत गेले, स्टूल घेतलं, गिटार काढली. डोळ्यांत पाणी होतं त्यामुळे तारा दिसत नव्हत्या, आणि त्या संध्याकाळी मी फार वाईट वाजवलं. जाऊबाई परत आल्या, चप्पल काढून तुमच्या शेजारी बसल्या आणि शेंगा निवडायला लागल्या. आता ती संध्याकाळ आठवते तेव्हा मला त्या दोन बायकांच्या पाठी दिसतात, शेजारी शेजारी, आणि शेंगा फुटल्याचा आवाज.

मग तुमचा नातू झाला, आणि त्याच्या रडण्याओरडण्यातही अर्धा तास निघायचा, कारण तुम्ही त्याला कमरेवर घेऊन अंगणात फिरायच्या. तो चौथीत असताना तुम्हाला अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली. कोल्हापूरच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा व्यायाम शिकवणाऱ्या बाईनं सांगितलं होतं, बोटं रोज हलवायची, एकेक करून, मनात आणून. तुम्हाला त्याचा भयंकर कंटाळा. तुमचा मुलगा समजावून थकला, मीही थकले. एक दिवस तुम्ही जड जिभेनं म्हणालात, "तुझी ती अडकणारी आण. तुझी करंगळी हलती का बघू. तुझी हलली तर माझी हलीवतो."

किती आठवडे आपण तो खेळ खेळलो. तुम्ही पलंगावर उशीला टेकून, डावा हात उशीवर पसरलेला. मी समोर गिटार घेऊन. मी एकदा प्रयत्न करायचा, तुम्ही एकदा. माझी करंगळी जाड तारेपर्यंत जाऊन घसरायची, तुमची उशीवर नुसती थरथरल्यासारखी व्हायची. नातू मध्ये बसून पंच व्हायचा आणि दोघींनाही 'आऊट' द्यायचा. आणि मग एका सकाळी, मी दुधाची वाटी घेऊन आले तेव्हा, तुम्ही म्हणालात, "हिकडं बग." करंगळी वर उचलली होती. बाकीचा हात निपचित, आणि ती एकटी वर. मी वाटी खाली ठेवून हातच जोडले. तुम्ही म्हणालात, "मी जिंकलो."

थंडी संपता संपता तुम्ही गेलात. झोपेत गेलात, त्रास झाला नाही. तोवर तुम्ही डाव्या हातानं पेला धरायला लागला होतात. मी वाजवणं त्यानंतर सोडलं, पण दुःखानं सोडलं असं म्हणणार नाही, तुम्हालाच ते आवडलं नसतं. पोराची शाळा, खतांच्या दुकानाचा हिशेब, उसाची तोड, घरात मी एकटी बाई. उरलेला दिवस उरेनासा झाला. गिटार कपाटावर गेली आणि वर्षं निघून गेली.

मागच्या दिवाळीत नातू घरी आला. त्यानं ती खाली काढली, फुंकर मारली आणि म्हणाला, "आई, ही इथं नुसती पडून हाय. मी घिऊन जातो बेंगळूरला, मित्राला पायजे." मी चकल्या तळत होते. "नको," म्हणाले. इतकं पटकन म्हणाले की माझं मलाच नवल वाटलं. तो हसला, "मग वाजीव तरी." आता नको म्हटलं होतं, तर वाजवणं आलंच.

निपाणीत वह्या-पुस्तकांच्या एका दुकानावर माडीवर गिटारचा वर्ग चालतो, रविवारी सकाळी. शिकवणारी मुलगी पंचविशीची असेल. माझ्या शेजारी बसणारी पोरं पाचवी-सहावीतली. पहिल्या दिवशी त्यांच्यातल्या एकीनं मला, "काकू, तुम्ही कुणाला सोडाय आलाय?" असं विचारलं. मला सोडायला तुमचा मुलगा आला होता, तो खाली मोटरसायकलवर बसला होता. आता तो दर रविवारी येतो, खाली चहाच्या गाड्यावर पेपर वाचत थांबतो, आणि परत येताना विचारतो, "काय शिकीवलं आज?" मी सांगते ते त्याला कळत नाही. तो तुमच्यावर गेलाय.

बोटांना जुनं सगळं आठवत होतं, घट्टे मात्र पुन्हा पडायला लागले. आणि ती कॉर्ड जिथल्या तिथं. मी शिकवणाऱ्या मुलीला म्हटलं, ही मला जमत नाही, माझी करंगळीच आखूड आहे, वीस-पंचवीस वर्षं झाली. तिनं माझा हात हातात घेऊन पाहिला. "आखूड न्हाय काकू. तुम्ही तिला सगळ्यात शेवटी बोलावताय. तीन बोटं दाबून बसली की हात बांधला जातोय, मग ती बिचारी कुठनं पोचणार? आधी तिला बसवा. मग बाकीची." आणि माझा अंगठा, जो मी गिटारीच्या मानेवरून वर काढत होते, तो तिनं धरून मागच्या बाजूला खाली सरकवला. मनगट आपोआप पुढं आलं. करंगळी जाऊन जाड तारेवर बसली, अगदी आरामात. मग एकेक बोट आणून ठेवलं. वाजवलं तर दोन तारा मुक्या होत्या. पण खटका नव्हता. मला इतकं हसू आलं की ती पोरं माझ्याकडे बघायला लागली.

त्यानंतर पूर्ण उन्हाळा गेला. आधी करंगळी, मग बाकीची, सकाळी स्वयंपाकाआधी, दुपारी दुकानाचे फोन घेता घेता. सुरुवातीला हात आणून बसवेपर्यंत गाणं पुढं निघून जायचं. मग हळूहळू हात आणि गाणं एका वेळेला पोचायला लागलं. तुमच्या धाकट्या जाऊबाई मध्यंतरी आल्या होत्या, आता त्यांना नीट ऐकू येत नाही. त्यांनी कानाला हात लावून, "आक्काचंच चाललंय न्हवं अजून?" असं विचारलं. मी व्हय म्हणाले. त्यांनी खुर्ची जवळ ओढली.

आणि काल दुपारी वाजली. ए मायनर, मग ती, मग पुन्हा ए मायनर. चालत गेल्यासारखं. अण्णाला फोन केला, त्याला ऐकवलं. तो म्हणाला, चांगली हाय, जाड तार जरा उतरलीया, चढीव. संध्याकाळी तुमच्या मुलाला जेवताना सांगितलं. त्यानं भाकरी मोडता मोडता विचारलं, "मग आता पुढं काय?" मला क्षणभर तुम्हीच बसल्यासारखं वाटलं.

हा कागद कुठं जायचा नाही हे मला माहीत आहे. पण एक सांगून टाकते. तुम्ही शाळा शिकलात ती कन्नडात. मराठी फाडफाड बोलायच्या, वाचता मात्र यायचं नाही, लग्नपत्रिका आली तरी माझ्याकडून वाचून घ्यायच्या. मला कन्नड लिहिता येतं, चांगलं येतं, दुकानाची सगळी पत्रं मीच लिहिते. तरी हे मी मराठीत लिहिलं. 'तुमच्यामुळे' हा शब्द तुमच्यासमोर माझ्या तोंडून कधी निघाला नाही. आजही तो तुम्हाला वाचता येईल अशा अक्षरांत लिहायला मला लाज वाटते.